बर्लिनचा फ्रीलान्स परवाना एप्रिलमध्ये संपतोय आणि तुम्ही ऐरोलीत आहात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कुठल्या परिस्थितीला धरून आहे ते बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही इलस्ट्रेटर आहात. बर्लिनमध्ये राहण्याचा आणि फ्रीलान्स काम करण्याचा तीन वर्षांचा परवाना एप्रिलच्या मध्यात संपतो, पासपोर्ट ऑगस्टमध्ये. आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी तुम्ही नोव्हेंबरच्या मध्यापासून ऐरोलीला घरी आहात आणि त्यांची फिजिओथेरपी मार्चअखेरपर्यंत चालेल. गेल्या वर्षी कमाई घटली, आणि जी झाली तिच्यातली दोन-तृतीयांश महापेच्या एका कंपनीकडून आली. नूतनीकरणाचा अर्ज इथूनच करता येईल का, इथे असेपर्यंत हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता थांबवावा का, आणि ऑनलाइन प्रिंट विकायला सुरुवात केली आहे त्याने काही बिघडेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी नौपाड्यात जर्मन भाषांतराचं आणि कागदपत्रं लावून देण्याचं काम करते. जर्मनीत स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या फायली वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून जात आल्या आहेत. मी वकील नाही. नकाराचं पत्र आलं तर तिथला परदेशी नागरिक कायद्याचा वकीलच गाठायचा, आणि पत्रात दिलेल्या मुदतीच्या आत गाठायचा. पण बहुतेक प्रकरणं तिथपर्यंत जाऊच नयेत अशी असतात, तुमचंही तसंच आहे.

सगळ्यांत आधी तारीख. बाकीचं सगळं समजावून सांगता येतं, मुदत वाढवून मागता येते, राहिलेला कागद नंतर देता येतो. परवान्याचं कार्ड संपल्यावर केलेल्या अर्जाला मात्र ही सवलत नाही. जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 च्या चौथ्या परिच्छेदात म्हटलंय, की परवाना संपायच्या आत तुम्ही मुदतवाढ मागितली, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं धरलं जातं. काम करण्याच्या हक्कासकट. निर्णयाला सहा महिने लागले तरी तुम्ही कायदेशीररीत्या तिथे राहता आणि बिलं पाठवू शकता. कार्यालयाची वेळ मिळत नाही म्हणून लोक रात्र-रात्र जागून संकेतस्थळ उघडून बसतात. पण वेळ कधीची मिळाली यापेक्षा अर्ज कुठल्या तारखेला पोचला याला महत्त्व आहे. बर्लिनचं लांडेसआम्ट फ्युर आइनवांडेरुंग, म्हणजे तिथलं स्थलांतर कार्यालय, संकेतस्थळावरून अर्ज घेतं. पाठवल्यावर येणारी पोच लगेच पीडीएफ करून ठेवा, छापून ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी पाठवून ठेवा.

आता तुमचा खरा प्रश्न, इथूनच अर्ज केला तर? फॉर्म ऐरोलीतून भरायला काहीच हरकत नाही, मी तर म्हणेन फेब्रुवारीतच भरून टाका. पण कार्डाची शेवटची तारीख उलटेल त्या दिवशी तुम्ही बर्लिनमध्येच असायला हवं. कार्ड इथे असताना संपलं, तर मुंबई विमानतळावर चेक-इनलाच अडवतील. अर्जाची पोच दाखवून काउंटरवरच्या माणसाचं समाधान होत नाही, कारण ती प्रवासाची परवानगी नाही. मग जर्मन वाणिज्य दूतावासाकडून नव्याने व्हिसा काढण्याची वेळ येते आणि तीन वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली होती तिथे परत जाता. म्हणून मार्चअखेर म्हणजे मार्चअखेरच. आईंच्या फिजिओथेरपीला आणखी पंधरा दिवस लागले, तर ते कुणीतरी दुसऱ्याने सांभाळायचे, हे घरात आत्ताच बोलून ठेवा.

जर्मनीत पोचल्यावर, निर्णय प्रलंबित असताना पुन्हा इकडे यावं लागेल अशी शक्यता असेल, तर नुसत्या पोचेवर निघू नका. फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, म्हणजे अर्ज प्रलंबित असतानाच्या काळासाठी कार्यालय देतं ते तात्पुरतं प्रमाणपत्र, मागून घ्या. हा घडीचा कागद असतो आणि त्याच्या आत तीन चौकटी असतात, कलम 81 च्या परिच्छेद 3 च्या दोन आणि परिच्छेद 4 ची एक. खूण परिच्छेद 4 च्या चौकटीत आहे ना, हे खिडकीसमोर उभं असतानाच बघा. तीच खूण असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. परिच्छेद 3 वर खूण असेल तर त्या कागदावर परत प्रवेश नाही. तुम्ही चालू परवान्याची मुदतवाढ मागताय, म्हणजे परिच्छेद 4 च असायला हवा. पण कारकुनाच्या हातून चुकीच्या चौकटीत खूण होऊ शकते, आणि ती तिथल्या तिथे दुरुस्त करून घेणं सोपं असतं.

पासपोर्टाचं काम मात्र इथेच उरकून जा, आणि या आठवड्यात सुरुवात करा. कार्डाची मुदत सहसा पासपोर्टाच्या मुदतीपलीकडे दिली जात नाही. एप्रिलमध्ये तुम्ही ऑगस्टला संपणारा पासपोर्ट पुढे केलात, तर सगळी फाइल व्यवस्थित असूनही हाती चार महिन्यांचं कार्ड पडेल आणि 93 युरो फी भरून तुम्ही पुन्हा रांगेत. मुदत संपायला एक वर्षाच्या आत असेल तर पासपोर्ट रीइश्यूला देता येतो, तुम्ही त्यात बसता. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अपॉइंटमेंट घ्या. आधारवर ऐरोलीचा पत्ता असेल तर पत्त्याच्या पुराव्याचा प्रश्न मिटला. पोलीस पडताळणीसाठी माणूस घरी येतो तेव्हा तुम्ही घरी असा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आणि बर्लिनला राहते हे लपवू नका. केंद्रात जुन्या पासपोर्टाचा कोपरा कापून तो रद्द करून त्याच दिवशी परत देतात. नवा पोस्टाने येईपर्यंत तुमच्याकडे प्रवासाला चालणारा पासपोर्ट नसतो. त्यामुळे हे काम मार्चवर ढकलू नका. परत जाताना रद्द झालेला जुना, नवा आणि निवासाचं कार्ड असं तिन्ही हातातल्या बॅगेत ठेवा. जुन्यावर कार्डाची आणि आधीच्या प्रवासाची सगळी साखळी आहे.

आता हिशेबाकडे येते. इथे मला सविस्तर बोलायचंय, कारण फायली अडतात त्या इथेच.

पहिला परवाना देताना कार्यालय तुमच्या योजनेवर विश्वास ठेवतं. ग्राहकांची इरादापत्रं, कामाचे नमुने, अपेक्षित कमाईचा तक्ता, एवढं बघून तीन वर्षं देतं. नूतनीकरणाच्या वेळी योजना कुणी विचारत नाही. तुम्ही या कामावर प्रत्यक्षात जगलात का, एवढंच बघतात. कलम 21 च्या पाचव्या परिच्छेदाखाली तुमचा परवाना आहे आणि त्या परवान्याचं प्रयोजनच ते आहे. उत्तर कागदावर दिसलं पाहिजे.

ते कसं मोजतात ते सांगते. तुमचं गरम भाडं, म्हणजे हीटिंगसकट भाडं, त्यात एकट्या प्रौढ माणसाची सरकारने ठरवलेली गरजेची रक्कम, जी 2024 पासून महिना 563 युरो आहे, आणि त्यात हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता. समजा भाडं 780, हप्ता 320. बेरीज होते 1,663 युरो महिना, म्हणजे वर्षाला जवळपास 20,000. खर्च वजा जाता, टॅक्स वजा जाता तुमच्या हातात राहिलेला नफा या रेषेच्या वर असला पाहिजे. उलाढाल किती झाली याला अर्थ नाही. 38,000 युरोची बिलं पाठवली हे ऐकायला छान वाटतं. पण त्यातून स्टुडिओचं भाडं, नवा आयपॅड, प्रवास, सब-कॉन्ट्रॅक्टर वजा जाऊन 14,000 उरले असतील, तर समोरच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने तुम्ही 14,000 वाल्या.

आणि इथेच आपल्याकडची एक सवय नडते. टॅक्स वाचवायचा म्हणून जमेल तो खर्च धंद्यात दाखवायचा. ठाण्यात गृहकर्जाला गेलेल्या दुकानदाराचं जे होतं तेच बर्लिनमध्ये होतं. वर्षानुवर्षं रिटर्नमध्ये नफा कमी दाखवला, आणि बँक म्हणते, एवढ्या कमाईवर एवढं कर्ज कसं देऊ? खरा खर्च जरूर दाखवा, तो तुमचा हक्क आहे. पण जो ऐच्छिक आहे, जो दोन वर्षांनी करता आला असता, तो नूतनीकरणाच्या आधीच्या वर्षात करू नका. नूतनीकरणाचं वर्ष कुठलं आहे हे तुमच्या श्टॉयरबेराटरला, म्हणजे तिथल्या कर सल्लागाराला, पहिल्या भेटीतच सांगून ठेवायचं असतं. तो टॅक्सचा विचार करतो, परवान्याचा विचार त्याच्या डोक्यात आपोआप येत नाही.

कुठले कागद लागतील? आधीच्या वर्षांचे श्टॉयरबेशाइड, म्हणजे कर कार्यालयाचे निर्णय. गेल्या वर्षाचा निर्णय एप्रिलपर्यंत हातात येणार नाही, कारण रिटर्न भरण्याची मुदतच 31 जुलै असते आणि सल्लागारामार्फत भरलं तर त्याहून पुढची. ती फट भरून काढायला बर्लिनमध्ये प्र्युफुंग्सबेरिश्ट नावाचा फॉर्म आहे. कर सल्लागार तो भरून, सही-शिक्का मारून देतो आणि चालू वर्षासकट तुमचा नफा प्रमाणित करतो. हा फॉर्म तुमच्या फायलीचा कणा आहे. सल्लागार तो एका दिवसात देत नाहीत आणि नव्या ग्राहकाला तर द्यायलाच कचरतात. आत्ताच ईमेल करा. स्वतःच हिशेब ठेवत असाल, तर गेल्या वर्षाची बिलं आणि खर्चाच्या पावत्या महिन्यावार लावून त्याच्याकडे पाठवा, म्हणजे मार्चमध्ये सही होईल.

आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, हे मी प्रत्येकाला सांगते. माझ्याकडे आलेल्या एका फायलीत बँक स्टेटमेंटवर दर दोन-तीन महिन्यांनी डोंबिवलीहून वडिलांनी पाठवलेले पैसे होते. मुलगा संगीत शिकवायचा, शिकवण्या चांगल्या चालल्या होत्या, वडील फक्त प्रेमापोटी पाठवायचे. पण नफ्याचा आकडा एक सांगत होता आणि खात्यावरची जमा त्याहून जास्त दिसत होती. कार्यालयाचं पत्र आलं, या रकमा कसल्या? कमाई लपवलीय की कमाई पुरत नाही म्हणून घरून मागवताय? दोन्ही उत्तरं वाईट. शेवटी वडिलांचं साधं पत्र, त्याचं जर्मन भाषांतर आणि प्रत्येक जमेपुढे हाताने लिहिलेली टीप एवढ्यावर ते निभावलं. तेव्हापासून मी म्हणते, घरचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या. तुमच्या धंद्याच्या खात्यावर फक्त धंदा दिसू दे.

तुमची कमाई गेल्या वर्षी का घटली ते तुम्ही लिहिलंय, दोन प्रकाशकांनी कामं पुढे ढकलली आणि नोव्हेंबरपासून तुम्ही इथे. ही कारणं खरी आहेत, ती तशीच लिहा. एक पान पुरे. आईंच्या ऑपरेशनचं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जोडा, त्याचं भाषांतर जोडा. त्याच्याखाली पुढच्या वर्षाचं काय, ते दाखवा. सही झालेले करार असतील तर उत्तम, नाहीतर प्रकाशकांची ईमेल, ज्यात काम, रक्कम आणि महिना स्पष्ट आहे. बचत असेल तर तिचंही स्टेटमेंट लावा. एका पडत्या वर्षाने परवाना जातो असं मी पाहिलेलं नाही. फार तर तीनऐवजी एकच वर्षाची मुदतवाढ मिळते आणि वर्षाने पुन्हा आकडे बघतात. पडतं वर्ष आणि त्यावर मौन, हे मात्र महागात पडतं.

महापेच्या कंपनीबद्दल. भारतीय ग्राहक आहे म्हणून नकार द्यावा असं कलम कायद्यात नाही. पण कमाईचा मोठा भाग भारतातून येत असेल, तर हे काम तुम्ही बर्लिनमध्येच का करताय, हा प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात येणं स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर तिथल्या ग्राहकांनीच द्यायचं असतं. छोटं असलं तरी बर्लिनचं काम फायलीत दिसू दे, एखादं नियतकालिक, एखादी शाळा, एखादा प्रकाशक. दुसरी गोष्ट एकाच ग्राहकावर अवलंबून असण्याची. कमाईचा पाच-षष्ठांश किंवा त्याहून जास्त भाग एकाकडूनच येत असेल, तर जर्मन पेन्शन कायदा तुम्हाला नोकरासारखा स्वतंत्र व्यावसायिक मानतो आणि पेन्शनची सक्ती लागू होऊ शकते. त्यापुढे जाऊन हे लपवलेलं नोकरीचंच नातं आहे का, असाही संशय येतो. तुम्ही दोन-तृतीयांशवर आहात, म्हणजे त्या रेषेच्या खाली. पण हे प्रमाण यंदा वाढू देऊ नका.

त्या कंपनीच्या पैशात आणखी एक गुंता आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. भारतीय कंपनी परदेशी रहिवाशाला फी देताना टीडीएस कापते. म्हणजे तुमच्या बिलावर 1,500 युरो आणि खात्यावर त्याहून कमी. जर्मन अधिकाऱ्याला टीडीएस माहीत नसतो. त्याला फक्त बिल आणि जमा यांत फरक दिसतो. त्यासाठी एक साधा तक्ता करा. बिलाचा क्रमांक, रक्कम, कापलेला टीडीएस, बँकेचं शुल्क, प्रत्यक्ष जमा. कंपनीकडून टीडीएसचं प्रमाणपत्र घ्या आणि तक्त्यामागे लावा. भारत आणि जर्मनी यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार 1995 मध्ये झालेला आहे. त्याचा फायदा मिळवायला जर्मन कर कार्यालयाकडून तुम्ही तिथल्या रहिवासी आहात असा दाखला काढावा लागतो आणि तो कंपनीला द्यावा लागतो.

शिवाय गेले काही आठवडे तुम्ही ते काम ऐरोलीत बसून करताय. त्याचा कर कुठे लागतो, हे ठाण्यातल्या एखाद्या अनिवासी भारतीयांची कामं करणाऱ्या सीएला विचारा. करासाठी अनिवासी धरलं जायला आर्थिक वर्षातला इथला मुक्काम 182 दिवसांच्या आत असावा लागतो. तुमचा तसा आहे, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेर म्हणजे साडेचार महिने. पण त्याच वर्षात आधी येऊन गेला असाल तर तेही दिवस धरा. आणि भारतातलं उत्पन्न 15 लाखांच्या वर गेलं असेल तर मर्यादा 120 दिवसांची होते, हे लक्षात ठेवा.

आता इन्शुरन्स. हप्ता थांबवू नका. अजिबात नाही. मी इतकं ठाम का म्हणतेय? जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि नूतनीकरणात सलग विमा असल्याचा पुरावा मागतात. मधले चार महिने रिकामे दिसले, तर दोन प्रश्न उभे राहतात. विमा का तुटला, आणि त्या काळात तुम्ही जर्मनीत राहत होतात का. तिथली विमा कंपनी इथल्या उपचारांचे पैसे देत नाही हे खरं, त्यामुळे दरमहा 300 युरो पाण्यात गेल्यासारखे वाटतात. ते परवान्यासाठी भरताय असं समजा.

पण तुमच्या पत्रातली त्याहून गंभीर गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात. तुमचा विमा परदेशातून येणाऱ्यांसाठीचा, स्वस्त, ठरावीक वर्षांपुरताच चालणारा आहे. पहिल्या व्हिसाच्या वेळी असा विमा चालून जातो. नूतनीकरणात अधिकारी पॉलिसीच्या अटी वाचतात. मुदत मर्यादित आहे का, रकमेला वरची मर्यादा आहे का, आधीचे आजार वगळलेत का, बाळंतपण आहे का. यातलं काही असलं तर तो पुरेसा मानत नाहीत. मग माणूस म्हणतो, सरकारी विमा योजनेत जातो. पण बाहेरच्या देशातून थेट फ्रीलान्सर म्हणून आलेल्याला त्या योजनेत आपणहून शिरायला सहसा वाट नसते. आधी तिथे सरकारी विम्यात असल्याचा काळ लागतो, किंवा नोकरी लागते.

इलस्ट्रेटरला मात्र एक दार आहे, क्युन्स्टलरसोत्सिआलकासे. लोक केएसके म्हणतात. 1983 पासून चालू असलेली ही योजना चित्रकार, लेखक, संगीतकार, पत्रकार, डिझायनर अशा स्वतंत्र कलावंतांसाठी आहे. कार्यालय विल्हेल्म्सहाफेनला आहे. वर्षाला किमान 3,900 युरो कलेतून मिळत असतील तर तुम्ही पात्र ठरू शकता, आणि सुरुवातीच्या तीन वर्षांत तर त्या किमान रकमेचीही सूट असते. एकदा प्रवेश मिळाला की आरोग्य, शुश्रूषा आणि पेन्शन या तिन्ही विम्यांचा अर्धाच वाटा तुम्ही भरता. उरलेल्या अर्ध्यातले 30 टक्के कलावंतांचं काम विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या शुल्कातून येतात आणि 20 टक्के सरकार देतं, म्हणजे एकूण शंभरातले. नोकरदाराला मालक जसा अर्धा हप्ता देतो तसं. आणि केएसकेमार्फत तुम्ही सरकारी आरोग्य विम्यात जाता, तेही सक्तीचे सदस्य म्हणून, जे दार एरवी बंद होतं.

फायलीत केएसकेचं पत्र लागलं की अधिकाऱ्याच्या यादीतली विम्याची ओळ पूर्ण झाली. अर्जाला महिने लागतात, त्यामुळे एप्रिलच्या आत निर्णय येईलच असं नाही. पण अर्ज दाखल केल्याची पोच, त्यासोबत प्रकाशकांचे करार, बिलं, छापून आलेल्या पुस्तकांची पानं हे सगळं आत्ता पाठवलं तर निदान अर्ज प्रलंबित आहे हे दाखवता येईल. तोपर्यंत सध्याच्या पॉलिसीत जिथे त्रुटी आहेत तिथे जास्तीचं कवच मिळतं का ते कंपनीला विचारून लेखी घ्या. केएसकेच्या फॉर्ममध्ये एक सापळा आहे. पुढच्या वर्षाच्या अपेक्षित कमाईचा आकडा तिथे विचारतात आणि हप्ता त्यावर ठरतो, म्हणून लोक तो कमी टाकतात. इकडे स्थलांतर कार्यालयाला मात्र भरघोस आकडा सांगतात. दोन सरकारी कार्यालयांना दोन आकडे देऊ नका. एकच द्या, आणि तो खरा असू द्या.

प्रिंटचं दुकान. यात तुमची अडचण होऊ शकते. जर्मन करकायदा स्वतंत्र बुद्धीचं काम आणि व्यापार यांत फरक करतो. प्रकाशकासाठी चित्र काढून त्याचा मोबदला घेणं हे पहिल्यात येतं. तेच चित्र टोटबॅगवर, मगवर, ढिगाने प्रिंट करून ऑनलाइन विकणं हा व्यापार, गेवेर्ब, आणि त्याची वेगळी नोंदणी गेवेर्बआम्टमध्ये लागते. तुमच्या कार्डासोबत जो घडीचा जास्तीचा कागद आहे, त्यावरची ओळ काढून वाचा. इलस्ट्रेटर म्हणून स्वतंत्र काम करण्यास परवानगी, एवढंच असेल तर दुकान त्यात बसत नाही. आत्ता विक्री थांबवा. फारशी झालेली नाही असं तुम्ही म्हणताय, जी झालीय ती हिशेबात दाखवा, लपवू नका. नूतनीकरणाच्या अर्जातच लिहून ती अट रुंदावून मागता येते, आणि होकार आला की मग नोंदणी करून सुरू करा. स्वतःच्या सहीच्या, मोजक्या, क्रमांक घातलेल्या प्रिंटचा प्रश्न जरा वेगळा आहे, तो तुमच्या कर सल्लागाराशी बोला.

इथे राहण्याबद्दल दोन गोष्टी राहिल्या. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलं तर निवास परवाना आपोआप संपतो, कार्डावरची तारीख काहीही असो. तुम्ही नोव्हेंबरच्या मध्यापासून आहात, मार्चअखेर परत गेलात तर अडचण नाही. कधी खरोखरच जास्त राहावं लागलं, तर सहा महिने उलटायच्या आत कार्यालयाला कारण देऊन जास्त मुदत मागता येते, आणि आईवडिलांचं आजारपण हे कारण ते समजून घेतात. पण दुसरी गोष्ट सहा महिन्यांच्याही आधी घात करू शकते. कुणीतरी तुम्हाला सुचवलंय की पत्त्याची नोंद रद्द करून टाका, म्हणजे महिना 18.36 युरोची रेडिओ-टीव्ही वर्गणी वाचेल. हे करू नका. पत्त्याची नोंद रद्द करणं म्हणजे मी हा देश सोडून चालले असं सरकारला स्वतःच्या सहीने सांगणं. तात्पुरतं नसलेल्या कारणासाठी देश सोडला तर परवाना त्याच दिवशी संपतो, सहा महिने थांबण्याची गरजच नाही. खोली पोटभाड्याने दिली असेल तर घरमालकाची लेखी परवानगी आणि तुमच्या नावाचा मूळ भाडेकरार दोन्ही जपून ठेवा, दारावरच्या घंटीवर तुमचं नाव राहू दे. कार्यालयाची पत्रं अजूनही पोस्टाने येतात. तिथल्या मैत्रिणीला आठवड्यातून एकदा पेटी उघडून फोटो पाठवायला सांगा.

कायमस्वरूपी परवान्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचं गणित चुकलेलं दिसतं म्हणून सांगते. तीन वर्षं झाली म्हणजे आता तो मिळेल असं तुम्ही धरलंय. तीन वर्षांनी मिळतो तो कलम 21 च्या पहिल्या परिच्छेदाखाली धंदा उभारणाऱ्यांना. पाचव्या परिच्छेदाखालच्या फ्रीलान्सरांना ती सवलत लागू नाही असं त्याच परिच्छेदात लिहिलंय. तुम्हाला सर्वसाधारण नियम, पाच वर्षं, बी 1 पातळीचं जर्मन आणि 60 महिने पेन्शनचे हप्ते किंवा तशाच तोडीची खासगी तरतूद. तुमचे आतापर्यंतचे पेन्शनचे महिने शून्य आहेत. केएसकेत शिरलात की तिथला प्रत्येक महिना त्या साठात धरला जातो. म्हणून तो अर्ज परवान्याच्याही आधी, पासपोर्टाच्या अपॉइंटमेंटच्या बरोबरीने करा. फॉर्म जर्मनमध्येच आहे. भरून झाल्यावर पाठवायच्या आधी एकदा माझ्याकडे आणा, नौपाड्यात संध्याकाळी सहानंतर मी असते. सोबत घडीचा तो जास्तीचा कागद, पॉलिसीच्या अटी आणि छापून आलेलं तुमचं एखादं पुस्तक घेऊन या.